दादाची बुलेट, माझी गाडी

दादा घरी यायच्या आधी त्याची बुलेट यायची, म्हणजे तिचा आवाज यायचा. बाजारपेठेच्या वळणावर डुगडुग ऐकू आली की आई तव्यावर भाकरी टाकायची. वळणापासून दारापर्यंत यायचं, गाडी स्टँडला लावायची, मागे बांधलेली माझी कुबडी सोडायची, मला उतरवायचं, हातपाय धुवायचे, एवढ्यात ती भाकरी फुगून ताटात पडलेली असे. घड्याळ आमच्याकडे होतं, पण ते बाबांच्या कचेरीच्या वेळेपुरतं. बाकीचं घर आवाजांवर चालायचं. रेल्वेलाइन घरामागेच होती. घाट चढून आलेल्या मालगाडीला मागून रेटणारी इंजिनं लोणावळ्याला सुटत, आणि सुटी झाल्यावर जी लांब शिटी देत ती ऐकून आई शेंगदाण्याची कढई चुलीवर चढवी. चिक्कीवाल्यांना शेंगदाणे भाजून, सोलून, पाखडून द्यायचं काम ती घरी करी. त्यामुळे आमच्या अंथरुणा-पांघरुणाला, पुस्तकांना, माझ्या वेणीलासुद्धा भाजल्या शेंगदाण्याचा वास असे. शाळेत मुली माझी वेणी हुंगायच्या आणि भूक लागली म्हणायच्या.

मी दोन वर्षांची असताना तापातून उठले, ती डावा पाय तापातच सोडून. पाय जागेवर होता, पण माझं ऐकत नव्हता. तो वाळत गेला, आणि काखेत कुबडी आली. त्या काळी लोक तोंडावर लंगडी म्हणत. आई त्यांच्याशी कडाकडा भांडायची. मला मात्र त्याचं फारसं काही वाटायचं नाही, कारण लंगडी म्हणणाऱ्यांपेक्षा 'अरेरे' म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग यायचा. मॅट्रिक झाल्यावर कामशेतच्या एका बालवाडीत मला शिकवायचं काम मिळालं. घरात सणासारखा आनंद झाला. बाबांनी कचेरीत पेढे वाटले. मग रात्री जेवताना आईनं विचारलं, "पण ही जाणार कशी?" आणि सगळ्यांचे घास थांबले. स्टेशनचा पूल मला चढवत नव्हता, एस.टी.ची पायरी माझ्या कमरेला यायची. दादा ताकाची वाटी तोंडाला लावत म्हणाला, "मी आहे की." जसं काही शेजारच्या दुकानातून मीठ आणून द्यायचं होतं.

दादा, म्हणजे विजय, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्यानं मशिनिस्टचा कोर्स केला होता. ती बुलेट त्यानं विकत घेतली असं म्हणणं बरोबर नाही, त्यानं ती जमवली होती. लष्कराच्या भंगारातून सांगाडा, कुणाकडून टाकी, कुणाकडून चाकं, आणि इंजिन तर त्यानं अंगणात गोणपाटावर पसरून इतक्या वेळा खोललं आणि जोडलं, की आई म्हणायची, एवढ्या वेळात मी चार लेकरं वाढवली असती. रोज सकाळी तो मला मागे बसवून कामशेतला सोडायचा. परत लोणावळ्याला येऊन पुन्हा न्यायला जायचं म्हणजे पेट्रोलची नासाडी, म्हणून तो बालवाडी सुटेपर्यंत आमच्या मामांच्या भाताच्या गिरणीत थांबायचा. मामा, म्हणजे आईचा भाऊ. आई आणि मामा परंदवडीचे, पण मामांनी कामशेतला गिरणी टाकली होती. तिथं दादा पट्टे जोड, बेअरिंगला ग्रीस लाव, असलं काहीबाही करी. शिकलेला पोरगा, पण त्याचा सगळा दिवस माझ्या दोन फेऱ्यांच्या मध्ये अडकलेला होता. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चांगलं कळत होतं.

त्याच्या कोर्सच्या सरांनी त्याच्यासाठी बडोद्याला एका कारखान्यात शब्द टाकला होता. मोठमोठी यंत्रं बनवणारा कारखाना. दादा त्या यंत्रांबद्दल बोलायला लागला की हातातला घास हातातच राहायचा. तिथून पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा त्यानं सरांना सांगितलं, घरी जरा अडचण आहे. सर स्वतः घरी आले होते, मी आतल्या खोलीत शेंगदाणे सोलत बसले होते. अडचण म्हणजे मी, हे मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. त्यानंतर मी सरांना चहा घेऊन गेले नाही, आईलाच पाठवलं. सर जाताना म्हणाले, "पाडव्यानंतर आणखी एक जागा निघेल. या वेळी नाही म्हणू नकोस, तिसऱ्यांदा मी सांगणार नाही."

आता त्या गाडीचं. बाबा कचेरीतून आल्यावर एका बंगल्याच्या किल्ल्या सांभाळत. बंगल्याच्या मालकीणबाई कायमच्या परदेशी गेल्या तेव्हा त्यांनी आपली जुनी विलायती मोटार बाबांना देऊन टाकली. मोटार कसली, डबीच ती. आम्ही तिला डबीच म्हणायचो. चाकं एवढीशी, आत चार माणसं बसली तर गुडघे हनुवटीला लागावेत. तिचं इंजिन पुढे, आणि ते पुढच्याच चाकांना फिरवायचं. त्या चाकांकडे जाणारे दांडे पिचले होते, इंजिन गंजून आवळलं होतं आणि तिचा एकही भाग पुण्यात मिळत नव्हता, मुंबईत मिळत नव्हता. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती आणि मागच्या सीटवर शेजारच्यांच्या कोंबड्या अंडी घालत होत्या.

एका संध्याकाळी दादा शेडमधून आला, मला म्हणाला, "शालू, गाडी चालवताना डाव्या पायाला काम काय असतं, सांग."

"मला काय माहीत?"

"एकच. क्लच दाबायचा. बाकी सगळं उजवा पाय करतो. आणि बुलेटचा क्लच कुठं असतो?"

बुलेटचा क्लच डाव्या हातात असतो हे मागे बसून बसून मला पाठ होतं. माझा डावा हात कुबडीनं चांगला तयार झालेला. अंगणातली भरली बादली मी त्या हातानं उचलत असे.

"बुलेटचं इंजिन डबीत बसवायचं," दादा म्हणाला. "क्लच हातात, गिअर हातात. तू तुझी तू कामशेतला जाशील."

"आणि बुलेट?"

"बुलेट काय, पुन्हा जमवता येईल."

इथं मी नको म्हणायला हवं होतं. निदान एकदा तोंडदेखलं तरी. मी विचारलं, "रंग कुठला द्यायचा?" इतक्या वर्षांनी हे लिहितानासुद्धा कान गरम होतात. दादाला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. तो म्हणाला, "तुला आवडेल तो."

संक्रांतीनंतर गिरणीतली गर्दी ओसरली तेव्हा बैल जोडून डबी कामशेतला ओढत नेली. मामांना मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण गिरणीमुळे चेन, पट्टे, दातेरी चाकं हे त्यांच्या हातातलं. पहिल्या दिवशी त्यांनी डबीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "हिला म्होरच्या चाकांनी वढायला लावलंय व्हय? लय वंगाळ. आपुन मागनं ढकलू."

"मामा, बुलेटची चेन मागच्याच चाकाला असते. आपल्याला दुसरं काही येतही नाही," दादा म्हणाला.

"म्हंजी सोपंच झालं की."

सोपं काही नव्हतं. पुढचं सगळं काढून टाकलं. मागची सीट गेली, त्या जागी लोखंडी चौकट जोडून बुलेटचं इंजिन बसवलं. मागच्या दोन्ही चाकांमधून एकच आस घातला, त्यावर दातेरी चाक, आणि इंजिनापासून त्या चाकापर्यंत चेन. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट असल्यामुळे वळणावर ती एकमेकांशी भांडत आणि टायर किंचाळत, पण त्याला इलाज नव्हता. इंजिनला वारा लागावा म्हणून मागच्या काचांच्या जागी पत्र्याची तोंडं बसवली. गिअरचा दांडा माझ्या डाव्या हाताशी, आणि क्लचची मूठ त्या दांड्यालाच बांधलेली, म्हणजे मूठ आवळायची आणि दांडा ढकलायचा, एका हातात दोन्ही कामं. किक मारायला पाय नाही, म्हणून किकच्या जागी लांब दांडा, तो बसल्या जागेवरून हातानं खेचायचा. पुढचं इंजिन गेल्यानं गाडीचं नाक हलकं झालं आणि स्टिअरिंग हाताला लागेना, तेव्हा मामांनी घरातलं जुनं दगडी जातं आणून बॉनेटखाली साखळीनं बांधलं. "तुज्या मामीला आता दळायला न्हाई," ते म्हणाले, "पर तिला म्या काय सांगू, जातं बडोद्याला पाठवलं म्हून?" मामी ओट्यावरून ओरडली, "बडोद्याला आपला विजू चाललाय, माजं जातं कशापायी?" सगळे हसले. मीही हसले.

बुलेटचं इंजिन काढलं त्या दुपारी मी तिथंच होते. बालवाडी सुटली होती. दादानं मला नट-बोल्ट ठेवायला एक परात दिली. एक एक नट काढून तो परातीत टाकत होता आणि प्रत्येक नट टाकताना कुठला ते सांगत होता, जणू मला पुढे कधी जोडायला लागणार होते. शेवटी इंजिन सुटलं, मामांनी आणि त्यानं मिळून ते उचललं आणि मागे राहिली ती नुसती टाकी, चाकं आणि हँडल. दादानं तिच्यावर गोणपाट घातलं. "चहा करा मामी," तो म्हणाला. चहा त्यानं दोन कप घेतला. गाडी तयार होईपर्यंत आम्ही दोघं मामांकडेच राहिलो.

होळीच्या सुमाराला गाडी चालायला तयार झाली. रंग मी निळा सांगितला होता, निळा दिला. आई-बाबा लोणावळ्याहून आले. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, मामांनी नारळ फोडला, मी आत बसून किकचा दांडा खेचला. एकदा नुसताच फुसकारा. दुसऱ्यांदा दादा खिडकीतून म्हणाला, "घाबरू नकोस, जोरात खेच," आणि पाठीमागे डुगडुग सुरू झाली. तो आवाज माझ्या पाठीच्या मणक्यातून वर चढला. मूठ आवळली, दांडा ढकलला, मूठ सोडली, आणि गाडी निघाली. मी निघाले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या खांद्याला, कमरेला, दंडाला न धरता एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले. गिरणीचं अंगण ओलांडून भाताच्या पोत्यांच्या थप्पीसमोर मी ब्रेक दाबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनं डोळ्याला पदर लावला.

"छान! आता मागे घे," बाबा म्हणाले.

मी गिअरच्या दांड्याकडे बघितलं. मग दादाकडे. दादानं मामांकडे बघितलं, मामांनी इंजिनकडे. बुलेटच्या इंजिनला चार गिअर, चारही पुढे जायचे. मागचा गिअर नाहीच.

आज कुणी ऐकलं तर म्हणेल, एवढी हुशार माणसं आणि एवढी मोठी गोष्ट विसरली? पण आमच्या सात पिढ्यांत कुणाकडे मोटार नव्हती. दादा बुलेटवाला, मामा सायकलवाले. बुलेटवाला गाडी मागे कशी घेतो? दोन्ही पाय जमिनीला टेकतो आणि रेटतो. ते काम यंत्राचं आहे हे बुलेटवाल्याच्या डोक्यातच येत नाही, कारण ते तो रोज पायांनी करतो. आणि गाडी बनत होती ती मात्र माझ्यासाठी. अंगणात सगळ्यांच्या हे एकदमच ध्यानात आलं असावं, कारण सगळ्यांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि मग एकदम दुसरीकडे. मामांनीच पहिल्यांदा तोंड उघडलं. "आरं, मागं कुटं जायचंय तिला? मानसानं म्होरंच जावं."

दादाचा चेहरा मात्र पडला तो पडलाच. "मी बसवतो मागचा गिअर," तो म्हणाला. "वेगळा डबा करावा लागेल. दोन-तीन महिने लागतील."

पाडवा तोंडावर आला होता. मी म्हणाले, "काही नको. मी वळसा घालून येईन. जिथं वळता येत नाही तिथं जाणारच नाही."

आणि खरंच मी तसं केलं. ते दिवस मला अजून लख्ख आठवतात. लायसन वगैरेचं कुणी विचारू नका, तेव्हाचा रस्ता वेगळा होता आणि हवालदार बाबांच्या ओळखीचे. पहिले काही दिवस दादा शेजारी बसला, मग त्यानं मला एकटीला सोडलं. मी सगळा मावळ वळशांनी पाठ केला. बालवाडीपाशी पिंपळाच्या पाराला गोल फिरून तोंड बाहेर करून थांबायचं. मामांच्या गिरणीत एका फाटकातून शिरायचं, दुसऱ्यातून बाहेर पडायचं. लोणावळ्यात बाजारपेठेत आत जायचंच नाही. कुठल्या बोळाच्या शेवटी भिंत आहे, कुठं विहिरीला वळसा आहे, कुठलं अंगण ओलांडू देतील आणि कुठली म्हातारी ओरडेल, हे मला त्या भागातल्या टपालवाल्यापेक्षा चांगलं माहीत झालं. एकदाच चुकले. भुशीकडच्या बंगल्यांच्या एका गल्लीत हौसेनं शिरले, तर शेवटी कुलूपबंद फाटक. किती तरी वेळ तिथंच बसले. मग जळणाच्या मोळ्या घेऊन बाया आल्या. त्यांनी मोळ्या उतरवल्या, पदर खोचले आणि बॉनेटला हात लावले. एक म्हणाली, "काय गं बाय, म्हस हाय का मोटार? मागं सरकंना!" दुसरी म्हणाली, "जाऊ दे गं, पोरीचा पाय बघ." ती दुसरी बोलली तेव्हा मी ठरवलं, पुन्हा कधी भिंतीसमोर गाडी घालायची नाही. आणि एक दिवस सोडला तर घातली नाही.

मला त्या गाडीत इतका आनंद होई की तो लपवावा लागे. कामशेतच्या खिंडीत चढाला ती धापा टाकायची, मी तिला चुचकारायची. आत धूर, उकाडा, कानठळ्या, साडीला तेलाचे डाग, आणि मी राणीसारखी. संध्याकाळी बाजारपेठेच्या वळणावर माझी डुगडुग पोचली की आई सवयीनं तव्यावर भाकरी टाकायची. दादाला भाकरी कडक लागायची, मला मऊ. मी दारात उतरले की ती दचकून म्हणायची, "अगं बाई, तू होय. मला वाटलं विजू आला." हे रोज व्हायचं. रोज ती कडक भाकरी मी खायची, आणि दादा गिरणीतलं काम आटपून मागून कधीतरी ट्रकवाल्याच्या ओळखीनं किंवा चालत यायचा. रविवारी तो शेडमध्ये जायचा, गिरणीतून परत आणून ठेवलेल्या बुलेटवरचं गोणपाट काढून टाकी पुसायचा, पुन्हा गोणपाट घालायचा. मी खिडकीतून बघत असे आणि बघत नसल्यासारखं करत असे.

आता दादा पंचाहत्तरीला आला आहे. लोणावळ्यातच त्यानं पंप दुरुस्तीचं दुकान काढलं, अजून सकाळी जाऊन बसतो. हात थरथरतात, तरी नट ढिला आहे की आवळलेला ते बोट लावून सांगतो. डबीला मागचा गिअर त्यानं पुढच्या पावसाळ्यात बसवला. मी ती कितीतरी वर्षं चालवली, शिक्षिकेची मुख्याध्यापिका झाले, दिल्लीपर्यंत फिरून आले, पेन्शन खाते आहे. दादा बडोदा सोडा, नाशिकच्या पलीकडे गेला नाही. बुलेट त्यानं पुन्हा कधी जमवली नाही. वहिनी एकदा मला भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "यांना म्हणे बडोद्याला चांगली नोकरी लागत होती, गेले का नाहीत हो?" मी म्हटलं, "गाडी चुकली." ते खोटं नव्हतं. पण गाडी कशी चुकली ते मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. दादानं तर उभ्या जन्मात तो विषय काढला नाही. तो एकदा जरी मला टोचून बोलला असता तरी मला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी पाडव्यानंतर सरांचा निरोप आला. या वेळी दादानं हो म्हटलं. "शालू आता तिची ती जाते," तो आईला म्हणाला, आणि आई म्हणाली, "व्हय बाबा, जा तू. लय दीस अडकलास." त्या वाक्यात माझ्याबद्दल वाकडं काही नव्हतं, पण मला ते लागलं. जायच्या दिवशी आईनं त्याच्या हातावर दही घातलं. बरोबर धपाटे, लसणीची चटणी आणि चिक्कीचा पुडा बांधून दिला. बाबा कचेरीत होते, ते सकाळीच त्याच्या पाठीवर हात ठेवून गेले होते. मी म्हणाले, स्टेशनवर मी सोडते. दादाला फार बरं वाटलं. तो ट्रंक पायाशी घेऊन माझ्या शेजारी बसला आणि सगळ्या रस्त्यानं एक शब्द शिकवला नाही, क्लच सोड, गिअर टाक, काही नाही.

स्टेशनसमोर मोठं मोकळं अंगण होतं. टांगे त्याला वळसा घालून येत आणि जात. मीही कितीतरी वेळा तसाच वळसा घातला होता. त्या दिवशी गर्दी नव्हती. टांगेवाले झाडाखाली बिड्या ओढत बसले होते. मी अंगणात शिरले, आणि वळसा न घालता सरळ गेले. पार्सल कचेरीच्या बाजूला दोन भिंतींच्या मध्ये एक आखूड जागा होती, समोर दगडी भिंत. मी गाडी तिथं घातली. ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं.

मी हे मुद्दाम केलं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की त्याचं उत्तर आता झिजून गेलं आहे. मुद्दाम केलं असं मला आठवत नाही. पण मावळातली एकूण एक भिंत मला पाठ होती, आणि त्या भिंतीसमोर मी माझ्या हातानं गाडी नेऊन लावली, एवढं आठवतं.

दादा उतरला, ट्रंक घेतली आणि भिंतीकडे बघून थांबला. "इथं कशाला घातलीस गं?"

"घातली खरी," मी म्हणाले. "तू जा. कुणीतरी ढकलेल."

त्यानं टांगेवाल्यांकडे बघितलं. एक जण उठायला लागला होता. तेवढ्यात पुण्याकडून गाडी येत असल्याची घंटा झाली. दादानं ट्रंक जमिनीवर ठेवली, धपाट्यांचं गाठोडं ट्रंकेवर ठेवलं, आणि गाडी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरून बॉनेटला दोन्ही हात लावले. त्या टांगेवाल्याला त्यानं मानेनंच नको म्हटलं. मागे थोडा चढ होता, पुढे मामांचं जातं. तो रेटत होता आणि काचेच्या पलीकडे त्याचा चेहरा माझ्या समोर, हातभर अंतरावर होता. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मी स्टिअरिंग धरून बसले होते. आम्ही एकमेकांकडे बघत होतो आणि दोघांनाही नजर दुसरीकडे न्यायला जागा नव्हती.

गाडी हळूहळू बाहेर आली, अंगणात आडवी झाली. आता पुढे नुसतं निघायचं. आगगाडी तोपर्यंत फलाटाला लागली होती. लोणावळ्यातल्या पोराटोरालाही माहीत असतं की मुंबईकडे जाणारी गाडी इथं लगेच सुटत नाही. पुढे घाट उतरायचा असतो, म्हणून ब्रेक तपासतात आणि मगच सोडतात. चहा पिऊन, कप परत देऊन लोक डब्यात चढतात. दादा ते जाणत होता. मीही जाणत होते. तो हात झटकत उभा राहिला, नव्या पँटच्या बाजूला ते पुसले, आणि फलाटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा मी 'जा' म्हणाले होते, पण ते न विचारता म्हणाले होते. आता तो विचारत होता. तोंडानं नाही, पण विचारत होता. एक शब्द हवा होता. माझ्या जिभेवर होता तो. आणि मला उद्याची सकाळ दिसली, दादा नसलेलं घर, शेडमध्ये गोणपाटाखालची टाकी, कुठल्यातरी बोळात भिंतीसमोर बसलेली मी आणि 'पोरीचा पाय बघ' म्हणणारी बाई. मी क्लचच्या मुठीकडे बघत बसले. बोलले नाही.

शिटी झाली. डबे हलले. शेवटचा डबा पार्सल कचेरीच्या आडून जाईपर्यंत दादा तसाच उभा होता. मग त्यानं ट्रंक उचलून मागे इंजिनशेजारी कोंबली, गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि ते नंतर वाटलं, आजवर वाटतं आहे. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायलाच हवं. मला हायसं वाटलं.

दादानं माझ्या बाजूचा दरवाजा उघडला. "सरक," तो म्हणाला. "घरी मी चालवतो."

मी सरकले.